दिवेकरांच्या बेसमेंटमधला ऑर्केस्ट्रा

अजूनही रस्त्यावरून आगीचा बंब ओरडत गेला की माझा उजवा हात आपोआप वर जातो. परवा इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी निवडत होते, बाहेर सायरन वाजला आणि हात गेला वर, जुडीसकट. सून म्हणाली, "आई, कुणाला बोलावताय?" काय सांगणार तिला? ज्यांच्यासाठी हात वर जायचा ते दिवेकर काका आता डॅलसला असतात.

वयानं ते माझ्यापेक्षा सहाच वर्षांनी मोठे. पण इथं नाती पोरांच्या तोंडून लागतात. माझा निखिल ज्यांना काका म्हणाला, ते माझेही काका झाले. मी मूळची अकोल्याची, शिक्षण दहावी. गाणं म्हणाल तर रेडिओवर लागेल ते आणि आरतीच्या टाळ्या, एवढंच. यजमान गेल्यावर निखिलकडे अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला आले, त्याला आता अकरा वर्षं होतील. इथं गाडी चालवता आली नाही की माणूस घरात ठेवलेल्या कपाटासारखा होतो, कुणी हलवलं तर हलतो. दर गुरुवारी दुपारी मला हलवायचे ते दिवेकर काका.

पहिली भेट आठवते. निखिलच्या गाडीतून आम्ही कुणाच्या तरी सत्यनारायणाला गेलो होतो. गाडी थांबायच्या आत एक उंच, वाकलेले, स्वेटरला कोपरावर चामड्याची ठिगळं लावलेले गृहस्थ पुढं आले आणि नमस्कार वगैरे काही न करता म्हणाले, "पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग जायला आलंय. दोन आठवडे, फार तर तीन."

निखिल हसला. "काका, मला तर काहीच ऐकू येत नाहीये."

"तुला कशाला येईल? तू गाडी चालवतोस, मी ऐकतोय."

अठराव्या दिवशी मेकॅनिकनं तेच सांगितलं. पुढचं, डावं.

चौतीस वर्षं त्यांनी गाड्या बनवणाऱ्या कंपनीत आवाजाच्या खात्यात काढली होती. नव्या गाडीत कुठून खडखड येते, कुठून शिट्टी येते, ते शोधायचं आणि बंद करायचं. "जन्मभर आवाज मारले, शैलाताई," ते म्हणायचे. "आता म्हातारपणी जगवतो." तिथं त्यांची एक खोली होती, भिंतींना सगळीकडून फोमचे सुळके लावलेली. त्या खोलीत आवाज परत फिरत नाही. टाळी वाजवली तर तिथल्या तिथं मरते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा सहकाऱ्यांनी गंमत म्हणून त्यांना आत ठेवून दार लावलं आणि मग चहा प्यायला जाऊन विसरले. वीस मिनिटं. ही गोष्ट सांगताना काका कधी हसले नाहीत. "आधी घड्याळ ऐकू येतं. मग आपलं हृदय. मग मान वळवली की मानेतलं हाड ऐकू येतं. आणि मग असं वाटतं की बाहेर आता काहीच उरलेलं नाही, आपणच तेवढे राहिलोय. लोक शांती शांती करत हिमालयात जातात. मी शांतता ऐकून आलोय. ती चांगली नसते."

म्हणूनच की काय, त्यांच्या घरी शांतता नावालाही नव्हती. पत्नी नलूवहिनी गेल्यावर आणि मुलगी मेघना तिकडं डॅलसला असताना तर दिवसभर काही ना काही वाजत असायचं, सगळं युरोपचं. बेसमेंटमध्ये त्यांनी गुरुवारचा वर्ग काढला आणि त्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. ते व्याख्यान देत नसत, खुर्च्या मांडत.

पहिल्या महिन्यात सहाच खुर्च्या. "हा बाखचा काळ. जो हाताशी असेल तो वाजवणार. चार-पाच तंतुवाद्यं, एखादी बासरी, आणि मध्ये की-बोर्डवर बसलेला मनुष्य सगळ्यांना सांभाळणार." मग हायडन आला तशा दोन ओबोच्या, दोन हॉर्नच्या खुर्च्या वाढल्या. मोझार्टनं क्लॅरिनेटला घरात घेतलं, आणखी दोन. बेथोव्हेन आला आणि काकांनी गराजमधून घडीच्या खुर्च्या आणल्या. बर्लिओझला तर एका हार्पनं, म्हणजे तिकडच्या उभ्या वीणेनं, भागेना, त्याला हार्पची रांग हवी. माहलरपर्यंत येईतो वॉशिंग मशीनच्या पुढ्यातही खुर्ची आली होती. माहलरला ऑर्केस्ट्रात गाईच्या गळ्यातल्या घंटासुद्धा लागल्या, तेव्हा काकांनी वरून देव्हाऱ्यातली घंटा आणली. दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास मला असा गुडघ्याला खुर्च्या लागून लागून पाठ झाला.

आम्ही नऊ-दहा जण. प्रत्येकाला एक वाद्य. ते लागलं की उजवा हात वर करायचा, थांबलं की खाली. बाकी काही ऐकायचं नाही. जोशी पतिपत्नी व्हायोलिन; त्यांचे हात बिचाऱ्यांचे दुखून यायचे. डॉक्टर पाटणकरांना ट्रॉम्बोन दिला होता, लांब नळीचं पितळी वाद्य. बेथोव्हेनच्या एका सिंफनीत ट्रॉम्बोन शेवटच्या भागापर्यंत गप्प असतात, तोवर अर्धा तास नुसतं बसून राहायचं. डॉक्टर झोपून जायचे.

"पाटणकर! तुमची एंट्री गेली!"

"अहो काका, मी रिटायर्ड ॲनेस्थेटिस्ट. लोकांना झोपवायचं आणि आपण जागं राहायचं, हे चाळीस वर्षं केलं. आता पाळी माझी."

मला मिळाला ओबो, सनईच्या जातीचं फुंकायचं वाद्य. नाकात बोलल्यासारखा आवाज. मी म्हटलं, "मलाच का हो?" तर म्हणाले, "तुम्ही जास्त बोलता, आणि तरी तुमचं बोलणं गर्दीतून वेगळं ऐकू येतं." ही स्तुती की टोमणा, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

ऐकताना काका मोठ्या स्पीकरशेजारी उभे राहत, डावा तळवा स्पीकरच्या लाकडावर ठेवून. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते तसा. आणि डोळे आमच्या हातांवर. हात चुकला की संपलंच. एकदा मी दोन मात्रा उशिरा हात वर केला, तर त्यांनी संगीत बंदच केलं. "शैलाताई, तुम्ही उशीर केलात तर मी कुठं जाऊ?" असं का म्हणाले, तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, कडक मास्तर आहेत.

मग ते आवाजावर चिडायला लागले. स्पीकर बिघडलेत म्हणाले, नवे आणले. तेही बिघडलेलेच निघाले. तिसरे आणले. मग म्हणाले, "हल्ली ऑर्केस्ट्रे बेसूर वाजवतात." जोशीवहिनी हळूच म्हणाल्या, "पण ही रेकॉर्ड तर जुनीच आहे ना?" काकांनी तिकडं पाहिलंच नाही.

आणि मग तो स्मोक डिटेक्टर. बॅटरी संपत आली की ते यंत्र मिनिटाला एकदा 'चीं' करतं, बारीक, टोचणारं. बेसमेंटच्या छतावरचं ते एका गुरुवारी चींचीं करायला लागलं. पुढच्या गुरुवारीही तेच. तिसऱ्याही.

"सांगा ना त्यांना," मी पाटणकरांना म्हटलं.

"काकांना? अहो, त्यांना बेअरिंग ऐकू येतं. त्यांनी मुद्दाम ठेवलं असणार, आपलं लक्ष कुठं जातं ते बघायला."

सगळ्यांना हे पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं. पण त्या दिवशी एक फार हळू जागा चालली होती, मुंगीच्या पावलांची. नेमकं तिथं 'चीं' झालं. आम्ही सगळे दचकलो आणि काकांची पापणीसुद्धा हलली नाही. घरी आले, निखिलला सांगितलं नाही. माणसाचं असं काही आपल्याला कळलं की ते आपलंच काहीतरी चोरलेलं असावं तसं लपवावंसं वाटतं.

डेट्रॉइटला ऑर्केस्ट्राचा शुक्रवारी सकाळचा कार्यक्रम असायचा. महिन्यातून एकदा काका आम्हाला त्यांच्या गाडीतून न्यायचे. पुढं पाटणकर, मागं जोशी दोघं आणि मधे मी. गाडीतला नियम बेसमेंटसारखाच: संगीत चालू असताना बोलायचं नाही, आपलं वाद्य आलं की फक्त हात.

त्या शुक्रवारी मोझार्ट लावला होता. ऊन लख्ख, रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग. बिग बीव्हर रोडवरच्या एका मोठ्या चौकाकडे आम्ही येत होतो आणि मला सायरन ऐकू आला. लांबून, मग जवळून. उजवीकडून आडव्या रस्त्यानं बंब येत होता. आमचा दिवा हिरवा होता, पण पुढच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबल्या होत्या. उजवी लेन तेवढी रिकामी.

काका म्हणाले, "हिरवा लागला तरी झोपलेत लेकाचे." आणि त्या रिकाम्या लेनमधून गाडी पुढं काढली.

आता सांगा, काकांखेरीज चार माणसं त्या गाडीत. चौघांनाही सायरन ऐकू येत होता. आणि एकही बोललं नाही! जोशी मला नंतर म्हणाले, "मला वाटलं, काकांना ऐकू येतंय म्हणजे त्यांनी अंदाज घेतला असणार." सगळ्यांचे कान आम्ही त्यांच्याकडे ठेवायला दिले होते ना. बंबाचा लाल रंग काचेतून दिसला. माझ्या अंगातलं एकच काहीतरी हललं. उजवा हात. तो वर गेला.

आरशात काकांना माझा हात दिसला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "शैलाताई, ओबो आत्ता नाहीये," म्हणाले, आणि मला नीट रागावण्यासाठी त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला.

बंब आमच्या नाकासमोरून गेला. इतका जवळून की गाडी त्याच्या वाऱ्यानं हलली. मी त्यावरच्या शिडीच्या पायऱ्या पाहिल्या, एकेक.

"ब्रेक चांगले आहेत," काका म्हणाले. पाटणकर मोठ्यानं हसले, जोशी हसले. मी आरशात पाहिलं, काका तो बंब दिसेनासा होईपर्यंत त्याच्याकडेच बघत होते.

पार्किंगमध्ये बाकीचे पुढं गेल्यावर काकांनी मला थांबवलं.

"तो आवाज करत होता?"

"कोण?"

"बंब."

"अहो काका, चौक यायच्या कितीतरी आधीपासून."

ते गाडीच्या दाराला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "ती खोली परत आली आहे, शैलाताई. रोज थोडी थोडी. दार लावून सगळे चहाला गेलेत." आणि माझ्याकडे न बघता, "मेघनाला सांगू नका. ती माझी किल्ली काढून घेईल. किल्ली गेली की हे घर गेलं, गुरुवार गेला. एवढं एक करा माझ्यासाठी."

मी हो म्हटलं.

पुढचे तीन आठवडे मी कशी जगले ते माझं मला ठाऊक. पुढच्या महिन्याच्या शुक्रवारी परत त्याच गाडीतून जायचं होतं. पोळ्या लाटताना कुठं सायरन वाजला की मी लाटणं खाली ठेवून तो विझेपर्यंत उभी राहायची. काका आत्ता कुठल्या चौकात असतील? शाळा सुटायची वेळ झाली, पिवळ्या बसेस निघाल्या असतील. मी काकांना म्हटलं, निखिल नेईल आपल्याला. "त्याला ऑफिस आहे." मग म्हटलं, मी येत नाही. "मग मधल्या सीटवर कुलकर्णीबाईंना घेतो." कुलकर्णीबाई नव्याच आल्या होत्या. त्यांना अजून वाद्य मिळालं नव्हतं. त्यांचा हात कशासाठी वर जाणार होता?

त्या दिवशी दुपारी मी मेघनाला फोन लावला. चार वेळा नंबर फिरवून कट केला, पाचव्यांदा वाजू दिला.

"मावशी? इज बाबा ओके?"

सांगितलं सगळं. मग ती म्हणाली, "आय न्यू समथिंग वॉज राँग. फोनवर तो फक्त बोलतो. मी काय म्हटलं त्याला कधी उत्तरच नसतं. मला वाटलं, आई गेल्यापासून बाबा जस्ट टॉक्स." आणि रडायलाच लागली. "थँक यू, मावशी." मला तो थँक यू कुठं ठेवू असं झालं.

बुधवारी ती आली आणि शुक्रवारी गाडी गराजमध्येच राहिली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. दोन गुरुवार वर्ग बंद. काकांनी माझा एकही फोन घेतला नाही. आता कुणाला वाटेल, ऐकूच येत नव्हतं तर घेणार कसा? पण इतरांना ते मेसेज करत होते.

तिसऱ्या गुरुवारी मेसेज आला, 'वर्ग आहे.' निखिलनं सोडलं मला. काकांच्या कानांमागे नवी यंत्रं होती. खुर्च्या मांडलेल्या होत्या.

"मेघनानं कान आणून दिलेत," ते म्हणाले. "माणसं बरी ऐकू येतात. पाटणकरांचं घोरणंसुद्धा. पण संगीत लावलं की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखं होतं. काढून ठेवले की काहीच नाही."

"मग इतके दिवस वर्ग कसा घेत होतात?" जोशींनी विचारलं.

"तळव्याला मोठी वाद्यं कळतात. बाकीचं तुमच्या हातांवरून. दीड वर्ष झालं, मी तुमचे हात ऐकतोय."

मग पाटणकर म्हणाले, "म्हणजे मी झोपलो की तुमचा ट्रॉम्बोनच जायचा?"

"अख्खा शेवट जायचा, डॉक्टर."

पाटणकरांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर ते वर्गात कधी झोपले नाहीत.

मग काकांनी, जणू कुलकर्णीबाईंना शिकवायचं म्हणून, सांगितलं की ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधी सगळे आपापली वाद्यं ओबोच्या सुराला लावून घेतात. "पहिला सूर एकट्यानं द्यावा लागतो. तेव्हा लोक अजून खुर्च्या शोधत असतात. टाळ्या कुणी वाजवत नाही." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी मांडीवरची पर्स उगाच उघडली, उगाच बंद केली.

घर विकायचं ठरलं. काका मेघनाकडे डॅलसला जाणार. शेवटच्या गुरुवारासाठी त्यांनी हायडनची एक गोष्ट काढली. हायडन एका राजाच्या पदरी होता. राजा उन्हाळ्याच्या महालातून हलेना, वादकांची बायकापोरं लांब गावात. राजाला तोंडानं कोण सांगणार? म्हणून हायडननं सिंफनीचा शेवटच असा लिहिला की एकेका वादकाचं वाजवून होतं, मग तो मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. शेवटी दोन व्हायोलिन उरतात. राजा काय ते समजला.

तो शेवटचा भाग आम्ही तीन गुरुवार बसवला. सात-आठ मिनिटांचा. काकांनी प्रत्येक खुर्चीला वाचायचा छोटा दिवा चिमट्यानं लावला. आपलं संपलं की दिवा बंद करून जिन्यानं वर जायचं. पहिल्यांदा उठणाऱ्यांत ओबो.

त्या दिवशी बेसमेंटमध्ये खोकी रचलेली होती. मोठा दिवा बंद केला, आमचे छोटे दिवे लागले. काकांनी कानातली यंत्रं काढून डबीत ठेवली, बटण दाबलं, आणि जाऊन स्पीकरशेजारी उभे राहिले.

आवाज आलाच नाही.

प्लेअरवर आकडे पळत होते. स्पीकरची वायर, मला दिसली, गुंडाळून एका खोक्यावर ठेवलेली. मेघनानं सकाळीच आवरली असणार. काका आमच्याकडे बघत होते, वाट पाहत. आणि ती शांतता! पाटणकरांचं घड्याळ मला ऐकू येत होतं. माझं हृदय ऐकू येत होतं. त्यांची ती खोली हीच, हे मला त्या क्षणी कळलं आणि अशी भीती वाटली की उठून वर पळावं. सांगावं का त्यांना? एकदा मी सांगितलं होतं आणि त्यांचं घर गेलं होतं.

जोशीवहिनींचा हात वर गेला. मग जोशींचा. बरोबर जिथं जायला हवेत तिथं. मग हॉर्न, मग सगळे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तीन आठवड्यांचं पाठ झालेलं, जो तो मनात मोजत होता. माझी जागा आली आणि मी हात वर केला. उशीर केला नाही. माझं संपलं. दिवा बंद केला, उठले, खोक्यांमधून वाट काढत जिना चढले.

मधल्या पायरीवर थांबून मागं वळून पाहिलं. खाली एकेक दिवा विझत होता. काकांची मान अगदी हळू डोलत होती आणि डोळे जोशींच्या दोन हातांवर होते. डावा तळवा नेहमीसारखा स्पीकरवर. लाकडावर पूर्ण टेकलेला, बोटं पसरलेली.

तो स्पीकर बंद आहे हे त्या तळव्याला पहिल्याच क्षणी कळलं होतं.